लाकूड फिरले नव्हते

आमच्या क्लबातली लाकडी गल्ली सरळ होती. डावीकडच्या नव्या पट्ट्यांत केसाइतकाही बाक नव्हता. हे मी वीसएक वर्षांपूर्वी एका शनिवारी दुपारी चार माणसांसमोर सांगायला हवे होते. सांगितले नाही. त्या पट्ट्या ज्याने बसवल्या तो दस्तगीर मिस्त्री या ज्येष्ठात वारला. आता ते छापून सांगतो आहे.

संपादकांनी माझ्याकडे साहेबलोकांच्या गमती मागितल्या होत्या. थोरल्या महाराजांच्या कारकिर्दीत मी बारा वर्षे त्या क्लबात मार्कर होतो, तेव्हा गमती पुष्कळ असतील असे त्यांना वाटले. आहेतही. त्यातल्या दोनतीन सांगतो. पण अलीकडे माझी लेखणी सावकाश चालते, आणि कुठूनही सुरुवात केली तरी ती त्या शनिवारापाशी येऊन थांबते.

क्लब छावणीच्या अंगाला होता. टेनिसची मैदाने, बिलियर्डचे टेबल, वाचायची खोली, आणि मागच्या बाजूला कौलारू छपराखाली ही गल्ली. साहेबलोक तिला स्किटल ॲली म्हणत. ॲली म्हणजे गल्ली हे मी एकदा माळ्याला सांगितले आणि तेव्हापासून नोकरमंडळींत तेच नाव रूढ झाले. चाळीस हात लांब आणि अडीच हात रुंद अशी सागवानी पट्ट्यांची वाट, दोन्ही बाजूंना चर, आणि पलीकडच्या टोकाला नऊ लाकडी खुंट्या चौकटीत उभ्या. अलीकडच्या रेघेवरून लाकडाचा जड गोळा सोडायचा आणि त्या पाडायच्या. गोळा चरात गेला की फुकट. एवढाच खेळ. पाहणाऱ्याला पोरकट वाटतो. मलाही पहिला महिनाभर वाटला.

मी शिरोळकडच्या शेतकरी घरातला. महाराजांनी काढलेल्या वसतिगृहात राहून मॅट्रिकपर्यंत पोचलो आणि तिथे अडकलो. इंग्रजी आकडे सुवाच्य काढतो आणि साहेब काय बोलतो ते कळते, एवढ्या भांडवलावर मार्कर झालो. मार्करने गुण मांडायचे, गोळे पुसायचे, नवख्याला हात कसा धरायचा ते दाखवायचे. आणि गल्लीला तेल लावायचे. या शेवटच्या कामाला कोणी मोजत नसे. खरा खेळ मात्र तिथेच होता.

लाकडावर लाखेचा मुलामा असतो. त्यावर जड गोळा रोज आपटला, घासला, तर मुलामा उडतो. म्हणून वरून तेलाचा पातळ हात द्यायचा. आम्ही घाण्याचे करडईचे तेल घेत असू आणि त्यात चौथा हिस्सा राकेल मिसळत असू, म्हणजे ते चिकट होत नाही. लाकडी ठोकळ्याला घोंगडीचा तुकडा गुंडाळून, त्याला लांब दांडा लावून मी ते ओढत असे. रेघेपासून पंचवीस हात चांगले तेल, पुढचे पाच हात उतरते, आणि खुंट्यांजवळचे दहा हात कोरडे.

आता गंमत अशी की तेलावर गोळा घसरतो. त्याला तुम्ही कितीही पीळ दिलेला असो, तेल असेतो तो सरळच जातो. कोरडे लाकूड लागले की त्याला पाय फुटतात. तो लाकूड धरतो आणि मग पोटातला पीळ बाहेर काढून वळतो. त्यामुळे गोळा कुठे वळणार हे फेकणाऱ्याच्या हातावर जेवढे असते तेवढेच सकाळी मार्करने ठोकळा कुठे उचलला यावर असते. तेल मधोमध जास्त आणि कडेला कमी असे लावले, तर खेळ सोपा होतो. बाहेर गेलेला गोळा कोरड्या कडेला लागतो आणि आपण होऊन आत येतो, मधला गोळा सरळ जातो. साहेब खूश होतो आणि आपला हात बसला असे समजतो. रोज आम्ही तसेच लावत असू. पण सामना असला की सेक्रेटरी साहेब सांगत, सपाट लावा. म्हणजे या चरापासून त्या चरापर्यंत एकसारखे. त्यात क्षमा नसते. बोटभर चुकले की ते शेवटपर्यंत चुकलेलेच राहते. आणि त्याला तेल दुप्पट लागते.

नवख्यांना मी तीनच गोष्टी सांगत असे. पहिला गोळा खुंट्या पाडायला टाकू नका, तेल विचारायला टाका. तो कुठे वळला ते बघा, खुंट्यांकडे बघू नका. दुसरी अशी की तेल फार असेल तर गोळा हळू सोडा म्हणजे त्याला लाकूड धरायला सवड मिळते, कोरडे असेल तर जोरात. बहुतेक लोक घाबरून याच्या उलट करतात. तिसरी कोणालाच पटत नसे. गोळा डावीकडे चुकला तर नेम बदलू नका, आपले पाय डावीकडे सरकवा आणि नजर होती तिथेच ठेवा. गोळा आपोआप उजवीकडे जातो. माणसाचा हात चुकीपासून दूर पळू बघतो, इथे मात्र चुकीकडे जावे लागते. शिवाय तेल जागेवर राहत नाही. खेळता खेळता मधली वाट कोरडी पडते आणि तेल गोळ्यांबरोबर पुढे खुंट्यांकडे जाते. सकाळी अकराला बरोबर असलेली जागा साडेअकराला चूक असते.

एक मेजर साहेब होते, त्यांना हे कधी कळले नाही. ते रोज एकाच जागी उभे राहत, एकाच जोराने गोळा सोडत, आणि तो वळला नाही की माझ्याकडे बघत. पाय सरकवा असे मी अदबीने सुचवले तर म्हणाले, "तेल सरकव." मी दांडा घेऊन गेलो, नुसताच कोरडा ठोकळा फिरवून आलो. पुढच्या गोळ्याला योगायोगाने आठ खुंट्या पडल्या. त्यानंतर पाच वर्षे मी त्यांच्यासाठी कोरडा ठोकळा फिरवत होतो.

संस्थानातल्या मानकऱ्यांनाही आठवड्यातून एक दिवस गल्ली खुली असे. एका सरदारांनी बरोबर आपल्या पदरचा पैलवान आणला. त्याला खेळाशी काही कर्तव्य नव्हते, पण त्याने वाकून लाकडावर बोट फिरवले आणि मला विचारले, "पावणं, ह्येला त्याल कोण घालतं?"

"मी."

"किती?"

"सपाट लावायचं तर तीन पावशेर."

"आमी तालमीच्या हौद्यात डबंच्या डबं वततो. त्याल, ताक, हळद. मग ती माती अंगाला मऊ लागती पर पायाखाली धरती. तुमचं ह्ये उलटंच की. पायालाबी धरंना आन् गोळ्यालाबी धरंना."

सरदारांनी त्याला गोळा दिला. त्याने जोडा काढला, मांडीवर थाप मारली आणि गोळा उचलून असा भिरकावला की तो पंधरा हात हवेतून गेला आणि गल्लीवर आदळला. खुंट्यांमागे दस्तगीर उभा होता. सामन्याच्या आणि पाहुण्यांच्या दिवशी तो आपल्या लाकडाला काय होते ते बघायला तिथे उभा राहायचाच.

"ओ पैलवान," तो तिथून ओरडला, "कुस्ती लाकडासंगं न्हाई, खुंट्यांसंगं लावलीया."

सरदार हसले. पैलवान हसला नाही. तो बाजूला उभा राहून दुसऱ्यांचे गोळे बघत राहिला. अर्ध्या तासाने त्याने पुन्हा मागितला, रेघेवर पाय रोवले, आणि गोळा इतका सावकाश सोडला की तो मध्येच थांबतो की काय असे वाटले. शेवटच्या दहा हातांत तो वळला आणि सात खुंट्या घेऊन गेला. "हात घालायच्या आदी समोरच्याचं पाय बघायचं असत्यात," तो मला म्हणाला. तेलाबद्दल याहून नेमके मी बारा वर्षांत कोणाकडून ऐकले नाही.

एका इंजिनिअर साहेबाची बाई होती. साहेब पुलाच्या कामावर आलेले. ती सगळ्यांत हलका गोळा घेई. खेळायच्या आधी रेघेशी गुडघे टेकून मान कलती करी आणि खिडकीच्या उजेडात तेलाची चमक कुठवर जाते ते बघून घेई. मग मोडक्या मराठीत मला विचारी, "आज तेल लांब?" मी मान हलवत असे. तिने क्लबातल्या प्रत्येक साहेबाला हरवले आणि कोणी ते फारसे बोलून दाखवले नाही. पूल झाला तशी ती गेली. त्या शनिवारी ती असती तर तिने एका नजरेत सगळे ओळखले असते.

दस्तगीर मिस्त्री सुतार. त्याच्या घराण्यात तीन पिढ्या हाच धंदा. क्लबाच्या दारेखिडक्यांपासून बिलियर्डच्या टेबलापर्यंत सगळे त्याच्या हाताखालून गेलेले, पण जीव या गल्लीवर. सकाळी तो माझ्या आधी येई. लाकडाला गाल लावून आडवा पडे आणि एक डोळा मिटून चाळीस हात बघून घेई. मग सांध्यांवरून नख ओढत जाई. नख अडले नाही की उठून मला म्हणे, "जावा, लावा तुमचं लोणी."

आमच्यात एक करार होता. तो त्यानेच पहिल्या आठवड्यात केला. मी एकदा म्हणालो की ही पट्टी जरा वर आल्यासारखी वाटते. त्याने माझ्याकडे बघितले. "गणपतराव, त्याल तुमचं, लाकूड माझं. मी तुमच्या डब्यात बोट घालणार न्हाई, तुमी माझ्या पट्टीत घालायचं न्हाई." मला त्याचा राग आला नाही. मी मनुष्यांत फार न मिसळणारा. क्लबाच्या वाचायच्या खोलीत जुनी झालेली मासिके आणि पुस्तके मला मिळत, ती घेऊन मी गल्लीच्या बाकावर बसत असे. दस्तगीरला अक्षर येत नव्हते. तो रंधा मारता मारता विचारी, "आज कोन मेलं तुमच्या पुस्तकात?" मी सांगत असे. तो ऐकून घेई आणि म्हणे, "वाईट झालं." आणि खरेच त्याला वाईट वाटे.

त्या वर्षी पावसाळ्यात छप्पर गळले आणि डावीकडच्या पट्ट्या फुगल्या. दस्तगीरने त्या उखडल्या आणि नव्या बसवल्या. सागवान त्याने स्वतः निवडले होते, पण ते एकाच उन्हाळ्यात वाळलेले. त्याला तीन उन्हाळे हवे होते. सेक्रेटरी साहेबांना दसऱ्यानंतरच्या सामन्याची घाई होती, बेळगावच्या छावणीतले साहेब यायचे होते. दस्तगीर मला म्हणाला, "लाकूड कवळं हाय. पर मी तापवून, दाबून, ठोकून बसवीन. हलू द्याचा न्हाई." महिनाभर त्याने दुसरे काम घेतले नाही. क्लबात नाचाच्या दिवाणखान्याला लाकडी जमीन करायची होती. ही गल्ली साधली की ते काम त्याचेच, असे साहेबांनी सांगितले होते. पण त्याच्या डोक्यात ते नव्हते. चाळीस हात लाकूड एका डोळ्याने सरळ दिसले पाहिजे, एवढेच होते.

सामना शनिवारी. सपाट तेल लावायचे. शुक्रवारी मी डबा उघडून बघायला हवा होता. त्याऐवजी मी एक पुस्तक संपवत बसलो. कोणते ते आता आठवतही नाही. संध्याकाळी डबा उघडला तर निम्म्या गल्लीला पुरेल एवढे तेल. घाणेवाल्याचे दुकान बंद झाले होते.

शनिवारी सकाळी ते उघडे होते. मला जाऊन आणता आले असते. इथे मला माझ्या घरातले सांगावे लागेल. शनिवारी तेल विकत आणू नये, शनीची पीडा घरी येते, असे आमच्याकडे पाळतात. मी शिकलेला. असल्या गोष्टींना हसणारा. आदल्या वर्षी मी एका शनिवारी क्लबासाठी तेल आणले, डबा जाता जाता घरात उंबऱ्याशी ठेवला आणि जेवायला बसलो. पुढच्या बुधवारी आमची थोरली मुलगी तापाने गेली. चार वर्षांची होती. साथीचे दिवस होते, त्याच आठवड्यात पेठेतली आणखी मुले गेली. बायकोने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. तिने फक्त तो डबा उचलून परसात नेऊन ठेवला. त्यानंतर शनिवारी माझे पाय घाणेवाल्याच्या दिशेला वळत नसत. विश्वास होता असे नाही. मला त्याच्याशी झगडायची ताकद नव्हती.

म्हणून मी घरातली बरणी घेतली. गावाकडे आमच्या बांधावर एरंड होते. भाऊ दरवर्षी एरंडेल काढून पाठवायचा, दिव्याला आणि पोटाला. विकतचे नव्हते, त्याला शनिवार आड येत नव्हता. एरंडेल जाड असते, चिकट असते, हे मला माहीत होते. त्यात राकेल जास्त घातले म्हणजे पातळ होईल असे मी धरून चाललो. होते ते करडईचे तेल उजव्या अंगाला लावले आणि एरंडेल डाव्या. डावीकडे नवे लाकूड, नव्या लाकडाला जाड तेल मानवेल, असेही मी स्वतःला सांगितले. राकेलाचा वास एवढा होता की दुसरा कुठलाच वास येत नव्हता.

दस्तगीरने त्या सकाळी माझ्या आधी येऊन आपले बघून घेतले होते. मी पोचलो तेव्हा तो चरात पाय सोडून बसला होता. "गणपतराव," तो म्हणाला, "आज बघाच. इस्तरी मारल्यावानी झालंया." मी दांडा हातात घेतला तेव्हा तो नेहमीप्रमाणे तोंड फिरवून बाहेर गेला. माझ्या कामाकडे बघायचे नाही हा त्याचा करार तो पाळत होता.

दुपारी सामना सुरू झाला. पहिले तीन गोळे डाव्या बाजूने गेले आणि तिन्ही मधल्या ठिकाणी अडखळल्यासारखे होऊन डावीकडे ओढले गेले. एक चरात पडला. बेळगावचा कप्तान चांगला खेळणारा होता. त्याने माझ्या तिसऱ्या नियमाप्रमाणे पाय डावीकडे सरकवले. मग तो आणखीच एरंडेलात गेला. उजवीकडे सरकला तर गोळा अर्ध्या वाटेत दोन्ही तेलांच्या सांध्यावर आला आणि पुन्हा डावीकडे झुकला. एका बाजूला घसरायचे आणि दुसऱ्या बाजूला धरायचे, तर गोळा धरणाऱ्या बाजूलाच वळणार. मला दहाव्या गोळ्याआधी कळले होते. बाकी कोणाला कळायचे कारण नव्हते. सगळ्यांना एवढेच दिसत होते की जिथे नवे लाकूड आहे तिथे गोळा वळतो.

सेक्रेटरी साहेबांनी खेळ थांबवला. बिलियर्डचा चेंडू मागवला आणि रेघेवरून हलकेच सोडला. तो गेला, मंदावला, आणि डावीकडे वळून चराच्या काठाशी थांबला. मेजर साहेब म्हणाले की हे तर शेतातल्या पाटासारखे आहे. पाहुणे हसले. दस्तगीर पलीकडून आला. त्याने गाल टेकला, एक डोळा मिटला. बराच वेळ तसाच राहिला. मग सांध्यावरून नख ओढले. नख अडले नसणार, मला माहीत आहे. पण चेंडू त्याने आपल्या डोळ्यांनी बघितला होता.

साहेबांनी मला विचारले, "मार्कर, तेल?"

त्यांना मराठी समजत होती. मला सांगता आले असते. पण मग शनिवार सांगावा लागला असता, त्या हसणाऱ्या मंडळींसमोर, इंग्रजी शिकलेल्या माणसाने. आणि शनिवार सांगायचा तर उंबऱ्यावरचा डबा, मुलगी, बायको, सगळेच तिथे त्या लाकडावर मांडावे लागले असते. मी म्हणालो, "रोजचंच, साहेब."

दस्तगीरने माझ्याकडे बघितलेही नाही. त्याला बघायची गरज नव्हती. तेल माझे होते, त्यात त्याने कधी बोट घातले नव्हते. तो उठला, साहेबांना सलाम केला आणि म्हणाला, "लाकूड फिरलंय, साहेब. माझी चूक. कवळं हुतं."

मी ठरवले की सोमवारी त्याला एकट्याला गाठून सांगायचे. सोमवारी गेलो तर डावीकडची बाजू उघडी होती. रविवारी येऊन त्याने आपल्या हाताने सगळ्या पट्ट्या उखडल्या होत्या आणि फोडून मुदपाकखान्याला जळण म्हणून दिल्या होत्या. दोनतीन तुकडे चुलीशी अजून पडले होते. मी एक उचलून डोळ्यासमोर धरला. सरळ होता. मी तो परत ठेवला.

नाचाच्या दिवाणखान्याची जमीन बाहेरगावच्या कंत्राटदाराने केली. दस्तगीरला त्यांनी क्लबातून काढले नव्हते, तोच आला नाही. गंगावेशीकडे त्याने बैलगाड्यांचे काम धरले. चाके, जू, साट्या. मी कधीकधी तिथे जाऊन बसत असे. एकदा एका शेतकऱ्याने त्याला घरात फळ्यांच्या पाटाईची जमीन करून देतोस का विचारले. दस्तगीर म्हणाला, "पावणं, मी वाकडं काम करतो. चाक करून घेनार असशीला तर बोला. चाकाला सरळ लागत न्हाई." शेतकरी हसला. ही त्याची नेहमीची थट्टा झाली होती. त्या थट्टेला मी प्रत्येक वेळी हसलो आहे.

मी का सांगितले नाही, याची कारणे दर वर्षी वेगळी होती. आधी नोकरी. मग इतका उशीर झाला होता की सांगणे म्हणजे दुसरा गुन्हा कबूल करणे झाले असते. मग बायको. दस्तगीरला सांगितले असते तर ते फिरून तिच्या कानावर गेले असते, आणि आपण परसात नेऊन ठेवलेल्या एका डब्याने एका माणसाच्या हातातली कारागिरी गेली असे तिला वाटले असते. ती दोन वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर माझ्याजवळ कारण उरले नाही, तरी दोन वर्षे गेली.

या ज्येष्ठात दस्तगीरचा निरोप आला की दम फार लागतो, येऊन जावा. मी सकाळी गेलो. तो दाराजवळच्या बाजेवर उशीला टेकून बसला होता. हाताची बोटे तशीच जाड, नखे तशीच आखूड कापलेली. त्याची बायको, आमची भाभी, आत चुलीपाशी होती. मी बसलो आणि त्याला सगळे सांगितले. डबा, पुस्तक, शनिवार, मुलगी, बरणी, डावे अंग, उजवे अंग. वाटेत मनाशी घोकत आलो होतो, त्यामुळे काही सुटले नाही.

तो शांतपणे ऐकत होता, पूर्वी पुस्तकातले ऐकायचा तसा.

"शनवारी त्याल आनलं न्हाई म्हून?" त्याने विचारले.

"होय."

"तुमी?"

"मीच."

त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरले. "गणपतराव, तुमी येवढी पुस्तकं वाचलासा, पर गोष्ट रचाया येत न्हाई बघा तुमास्नी. साहेबाचं विंग्रजी वाचणारा मानूस शनवारला भितोय व्हय? दुसरं कायतरी सांगायचं हुतं. उंदरानं डबा सांडला म्हणायचं."

मी म्हणालो की मी रचत नाही. मी म्हणालो की माझ्या मुलीची शप्पथ. त्याने ताबडतोब माझ्या हातावर हात ठेवला.

"पोरीला मधी आनू नगा. माझ्यापायी तर न्हाईच न्हाई. मला कळतंय तुमच्या मनातलं. मानूस जायला लागलं की त्याला बरं वाटंल असं बोलावं. पर लाकूड माझं हुतं. एका उन्हाळ्याचं हुतं, मला ठावं हुतं. जाऊ द्या आता ते."

"दस्तगीर, पट्टी सरळ होती. मी चुलीशी तुकडा बघितला."

"व्हय, व्हय." त्याने माझा हात थोपटला आणि आत हाक मारली. "अगं, ऐकलंस का? गणपतराव माझ्यासाठी काय घिऊन आल्यात बघ."

भाभी चहाचा पेला घेऊन बाहेर आली. "काय?"

"माझं लाकूड सरळ हुतं म्हणत्यात. त्यालानं घात क्येला म्हणत्यात."

"मग हुतंच असंल की," ती पेला माझ्यासमोर ठेवत म्हणाली. "साहेबाचंच डोळं तिरपं."

तो हसला. हसता हसता खोकला आला, तो थांबेपर्यंत तिने त्याची पाठ धरून ठेवली. मग तो उशीला टेकला. दमला होता, पण चेहरा मोकळा दिसत होता. त्याला बरे वाटले होते हे खरे.

"येत जावा," तो म्हणाला. "असंच कायबाय सांगत जावा."

मी बरे म्हणालो आणि चहा घेतला.